अटॅकनंतर हृदयाचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होतो का?

प्रश्न: बाबांना तीन महिन्यांपूर्वी अटॅक आला. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त, ३५ टक्के. जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठडा धरून थांबतात; बघवत नाही. स्टेम सेलने (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींनी) बरं होतं म्हणतात. करावं का?

उत्तर: ताई, घाई नको. हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीतही वर्षाला जेमतेम १ टक्का नव्या होतात, म्हणून मेलेल्या जागी व्रणच राहतो. अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) अशा मूळ पेशी हृदयात सोडण्याचे प्रयोग झाले, पण त्याने मृत्यू टळतात हे सिद्ध झालेलं नाही. हृदयावर लावायच्या पेशींच्या पॅचवर (ठिगळावर) संशोधन चालू आहे.

दुसरं उत्तर: माझ्या आईचं पंपिंग ३० होतं. गोळ्या आणि रिहॅबने (हृदयरोग्यांना देखरेखीखाली करून घेतलेल्या व्यायामाने) आठ महिन्यांत ४२ झालं. गोळ्या चुकवू देऊ नका.

प्रश्नकर्ती: रिहॅबचं कोणी सांगितलंच नव्हतं! उद्याच डॉक्टरांना विचारते.