८० मिमीतून अश्वशीर्ष: डोळ्याने नाही, कॅमेऱ्याने हो

८० मिमी व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून अश्वशीर्ष तेजोमेघ (मृग नक्षत्रातला, उजळ पट्ट्यासमोर घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा ढग) दिसेल का, असं एकाने विचारलंय आणि बहुतेकांनी ‘मोठी दुर्बीण घ्या’ म्हणून वाटेला लावलंय. डोळा लावून बघाल तर नाहीच दिसणार, पण दोष एकट्या दुर्बिणीचा नाही. त्या घोड्यामागचा उजेड हायड्रोजनचा, लाल, ६५६ नॅनोमीटरचा. अंधाराला सरावलेला डोळा नेमका त्याच रंगाला जवळजवळ आंधळा. १८८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंगबाईंना हा घोडा सापडला तोही हार्वर्ड वेधशाळेच्या फोटोच्या काचेवर!

मी गेल्या थंडीत वांगणीला ८० मिमी एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) दुर्बिणीला ०.५ चा रिड्यूसर, म्हणजे नाभीय अंतर निम्मं करणारं भिंग, आणि आयएमएक्स२२४ चिपचा व्हिडिओ कॅमेरा लावला. एफ/२.५ झालं, म्हणजे दर पिक्सेलला चौपट उजेड. मृगाच्या बाणातला पूर्वेकडचा तारा मुद्दाम चौकटीबाहेर ढकलला, नाहीतर तोच सगळा पडदा धुऊन काढतो. ८ सेकंदांची एकेक फ्रेम, शार्पकॅप या सॉफ्टवेअरमध्ये लाइव्ह स्टॅकिंग, म्हणजे येणारी प्रत्येक फ्रेम लगेच आधीच्यांवर रचत जाणं. पहिल्या फ्रेममध्ये नुसता रवा सांडल्यासारखं दिसत होतं. सात-आठ फ्रेम साचल्यावर राखाडी पट्ट्याला एक खाच पडली, आणि मग हळूहळू नाक, मान. शेजारी उभा मित्र म्हणाला, “घोडा कसला, उंदीर आहे!” आकार तेवढाच होता, खोटं कशाला बोला.

एक मात्र बघा. साध्या डीएसएलआरमधला आतला फिल्टर हा लाल उजेड बराचसा अडवतो. तो कॅमेरा घरात आहे म्हणून लावाल आणि रात्रभर दुर्बिणीला शिव्या घालाल.