भरतीवाल्यांकडे माझ्या मुलाचा नंबर कसा?

प्राजक्ता_७८:
आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगा अकरावीत आहे, सोळा पूर्ण. मंगळवारी फोन आला, मुलाचं नाव घेऊन सैन्यभरतीचे कुणी सार्जंट त्याला विचारत होते. नंबर कुठून मिळाला, तर म्हणाले शाळेतून. मुलाला खोदून विचारलं तेव्हा कळलं, जेवणाच्या सुट्टीत त्यांचं टेबल असतं, शेजारी पुल-अपचा बार. यानं अकरा काढले म्हणून पाण्याची बाटली मिळाली. आठवडाभर ती मीच विसळत होते, कुठली आहे हे न विचारता.

गणवेशाबद्दल मला आकस नाही, माझे मामा फौजेत होते. पण सहलीला न्यायचं तर शाळा माझी सही मागते आणि नंबर मात्र परस्पर देऊन टाकते? हे कायद्यात बसतं का? आणि बसावं का?

कागदपत्र_वाचक:
बसतं. २००१ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या केंद्राच्या शिक्षण कायद्यात ही अट आली, २०१५ च्या नव्या कायद्यातही राहिली. केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळेला मागणी आली की नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, आणि कॉलेजवाल्यांना जेवढा प्रवेश तेवढाच भरतीवाल्यांनाही. ‘पालकांनी हो म्हटलं तरच देऊ’ अशी पद्धत ठेवायची मुभा शाळेला नाही, म्हणून मुख्याध्यापकांवर राग काढू नका. तुम्ही लेखी नकार दिलात की मात्र नाव वगळावंच लागतं. त्यानं टेबल हटणार नाही, हेही लक्षात ठेवा.

अजून एक. शाळेत ‘अ‍ॅसव्हॅब’ परीक्षा घेतात का ते विचारा. करिअर निवडायला मदत म्हणून घेतात, पण ती भरतीचीही परीक्षा आहे. गुण कुणाला कळवायचे याचे पर्याय शाळेला असतात; त्यातला पर्याय ८ निवडला तर गुण भरतीवाल्यांकडे जात नाहीत.

नेव्हीतलीचा_बाबा:
ताई, माझी लेक बारावीनंतर नेव्हीत गेली आणि ती तिथे खूश आहे. शाळेतल्या त्या टेबलाशिवाय तिला ही वाट दिसलीच नसती. पण तोंडी गोष्ट झाली होती चार वर्षांची. कराराचा कागद घरी नीट वाचला तर एकूण आठ, उरलेली राखीव दलात. ती सतरा वर्षांची होती, आमची सही लागत होती, म्हणून तरी आम्ही वाचला. आणि डिलेड एंट्रीमध्ये, म्हणजे सही आधी आणि ट्रेनिंग नंतर अशा भरतीत, सही झाली तरी ट्रेनिंगला निघेपर्यंत माघार घेता येते. हे आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नाही.

प्राजक्ता_७८:
दोघांचे मनापासून आभार. काल नकाराचं पत्र देऊन आले. घरी सांगितलं तर मुलगा ताडकन म्हणाला, “मला विचारलंस का?” नव्हतं विचारलं. रात्री बराच वेळ बोललो. विमानाच्या इंजिनांचं काम शिकायचंय त्याला, हे मला माहीतच नव्हतं. ठरलं असं की पत्र राहू दे, फोन नकोत. त्याला सार्जंटना भेटायचं असेल तर मी सोबत जाईन, कागद घरी आणून वाचू.

होकाराशिवाय नाव देऊ नये, हे माझं मत मात्र कायम आहे. शाळेच्या हातात नसेल तर आमच्या काँग्रेस प्रतिनिधीला लिहीन.

बाबा, तुमच्या लेकीला चालणार असेल तर त्याचं एकदा तिच्याशी बोलणं करून द्याल का?