पलटण हरली की तुमचं नेमकं काय जातं?

आळशी_सदाशिव

सोमवारी मी नेहमीसारखा आठवड्याचा हिशेब इथं मांडला होता: कोण जिंकलं, कोण हरलं, आपलं किती रक्त आटलं. त्यावर 'रंकाळा_काठ' यांचं एकच वाक्य आलं, "लिलावातली पोरं हरली तर तुमचं नेमकं काय जातं? पुण्याला स्वतःचा संघ आहेच कुठं?" आणि खाली दात काढणारा चेहरा. दोन दिवस गिळून बसलो. आज गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, म्हणून सविस्तर.

काय जातं ते ऐका. बुधवारी प्रो कबड्डीत तेलुगू टायटन्सना काढून आमची पुणेरी पलटण फायनलला गेली, तेव्हा मी सोसायटीच्या वॉचमनला पेढा दिला. कशाबद्दल, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. शुक्रवारी दिल्ली 31, पुणे 28. तीन पॉइंट! अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर आमचा. क्वालिफायरमध्ये याच दिल्लीशी टायब्रेकरवर हरलो, फायनल पुन्हा त्यांच्याशीच आणि तीही त्यांच्याच गावात. समोर फझल अत्राचली, जो 2022 मध्ये आमचा कॅप्टन होता. शनिवारी मी घरात कुणाशी बोललो नाही. बायकोला वाटलं, ऑफिसात काही झालंय.

'लिलाव, लिलाव' म्हणता, तर अस्लम इनामदार काय बाहेरून आलाय? नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा पोरगा आहे. आणि समजा सगळी सात पोरं हरियाणाची असती, तरी मी दोन महिने रोज रात्री त्यांच्या रेड मोजत बसलो ते बसलोच ना? ती जागरणं काही मी लिलावात घेतली नव्हती.

रंकाळा_काठ

साहेब, एका ओळीला एवढं मोठं उत्तर? म्हणजे लागलं की हो जिव्हारी.

मी मुद्द्याचं विचारतो. या सीझनला तुमच्या 'पुणेरी' संघाची पुण्यात मॅच झाली किती? विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. संपली यादी. आता आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये बघा. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस. तालमीचं नाव घेतलं की पेठ कळते, गल्ली कळते. गोल मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोपऱ्यावर मिसळ खाताना दिसतो. पेनल्टी घालवली तर आठवडाभर त्याची आई भाजी आणायला दुसऱ्या रस्त्यानं जाते. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानाचं शटर अर्धं खाली. संघ म्हणायचं तर ह्याला. टीव्हीवर रिमोट दाबून दिसतो तो कार्यक्रम.

बालेवाडीकर

रंकाळा, पुण्यात मॅच नाही हा मुद्दा खरा आहे आणि तोच जास्त झोंबतो. गेल्या वर्षी, 29 डिसेंबर 2024, फायनल बालेवाडीत. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. गतविजेते आम्ही, आणि आदल्या मार्चमध्ये हरियाणाला 28-25 हरवून कप आणलेला, म्हणून पोराला आधीच कबूल करून बसलो होतो की फायनल दाखवीन. पलटण प्लेऑफलासुद्धा पोचली नाही. हरियाणा आणि पाटणा खेळले. पोरगं केशरी जर्सी घालून मधोमध बसलं होतं, आणि मागच्या रांगेतले काका विचारतायत, "बेटा, तू किसकी तरफ है?"

फायनल गावात आली तर संघ नाही, संघ फायनलला तर फायनल दिल्लीत. हे फक्त पुणेकराच्याच नशिबी.

उपाशी_बोका

नशिबाचं काढलंत म्हणून. 21 मे 2017. बास, पुढे लिहीत नाही.

आळशी_सदाशिव

बोकोबा, नको. जेवणाची वेळ आहे.

उपाशी_बोका

आता लिहितोच. आयपीएलची फायनल, आपलं रायझिंग पुणे आणि मुंबई. मुंबईला 79 वर 7 केलं होतं. 79 वर 7! तिथून कृणाल पंड्याने 47 काढून 129 वर नेलं. आम्हाला 130 हवेत. शेवटच्या ओव्हरला 11, जॉन्सनच्या पहिल्या बॉलला तिवारीची फोर. 5 बॉल 7. मी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टेबलावर उभा होतो. मग तिवारी गेला, स्मिथ गेला, आणि एका रनने हरलो. त्याच सीझनला मुंबईला लीगमध्ये दोनदा आणि क्वालिफायरला एकदा, असं तीनदा हरवलं होतं. चौथ्यांदा, जेव्हा कप होता तेव्हा...

दादरची_सून

एका रनने हरलात हे तुम्ही दरवर्षी सांगता. स्मिथने 51 करायला 50 बॉल घेतले हे कधीच सांगत नाही.

उपाशी_बोका

अहो पिच बघितलं होतं का? दोन्ही टीम मिळून एकानेच पन्नास केले, ते स्मिथने! घालवलं ते मधल्या ओव्हर्समध्ये. धोनी 13 बॉल 10.

कट्टर_थाला

धोनीचं नाव घ्यायचं काम नाही. कॅप्टनशिप काढून घ्यायची आणि वर त्यानेच जिंकून द्यायचं? ज्या संघाला आपल्या नावात 'सुपरजायंट्स' ठेवायचं की 'सुपरजायंट' हे ठरवायला एक सीझन लागला, त्यांच्याकडून काय अपेक्षा.

उपाशी_बोका

थाला, 2017 मध्ये धोनी आमचा होता म्हणूनच बोलतोय. पिवळ्या चष्म्यातून बघणाऱ्यांनी या धाग्यात येऊ नये.

कट्टर_थाला

तुमचा? दोन वर्षांसाठी भाड्याने राहणाऱ्याला कुणी आपला म्हणतं का? चेन्नईवर बंदी होती म्हणून तुमच्याकडे सामान ठेवलं होतं.

रंकाळा_काठ

😂 थाला, मी तुम्हाला ओळखत नाही, पण माझा अख्खा मुद्दा तुम्ही एका ओळीत मांडलात. यादीच करू या की. पुणे वॉरियर्स 2013 ला गेले. रायझिंग पुणे 2017 ला गेले. फुटबॉलमध्ये पुणे एफसी 2015 ला बंद. एफसी पुणे सिटी 2019 ला बंद, त्यांची जागा हैदराबादनं घेतली आणि 2022 ला आयएसएलचा कपसुद्धा उचलला. पुण्यात संघ येतात ते शिकायला आलेल्या पोरांसारखे. डबा लावतात, दोन वर्षं राहतात, डिपॉझिट सोडून जातात.

आळशी_सदाशिव

अरे म्हणूनच तर! पुणे एफसीच्या मॅचना मी मोजक्या लोकांत बसायचो. बंद झाल्यावर स्कार्फ आईने पायपुसणं केला, पण टाकू दिला नाही मी. ज्याचा संघ शंभर वर्षं तिथंच आहे, त्याला हे कळणार नाही. तुमची तालीम उद्या सकाळी उठून हैदराबादला गेली तर मग बोलू.

आणि सारखं 'आमची गल्ली, आमची पोरं'. कोल्हापुरात तालमींकडून परदेशी खेळाडू खेळले की नाही? ते कुठल्या पेठेतले होते?

रंकाळा_काठ

खेळले. नाही कोण म्हणतंय? पण ते पेठेतच राहिले, पेठेतच जेवले, तांबडा-पांढरा पिऊन घाम पुसत हिंडले. एकाला तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या 'बाळा' म्हणायच्या. ते वेगळं.

बालेवाडीकर

हां, म्हणजे तुम्ही आणला तर बाळ, आम्ही आणला तर लिलाव.

संत्रा_बर्फी

राजेहो, 'आपली पोरं' पाहायची असन तं नागपूरले या ना. रणजी तीन वेळा घरी आणली: 2017-18, 2018-19 अन् 2024-25. शेवटच्या वेळी तं सेमीफायनलले मुंबईले 80 रननं बसवलं. हर्ष दुबेनं एका सीझनमध्ये 69 विकेट काढल्या, तो रेकॉर्ड आहे. फायनलले दानिश मालेवारचे 153. अन् तुमचं महाराष्ट्र शेवटचं कधी जिंकलं होतं? 1940-41 मध्ये. माझा आजोबा तवा चड्डीत होता.

दादरची_सून

त्याच फायनलला करुण नायरचे पण 135 होते ना? तो कुठला, इतवारीचा? आणि पहिल्या दोन रणजींना कोच चंद्रकांत पंडित आणि बॅटिंगला वसीम जाफर, दोघंही मुंबईचे. पाहुण्यांना धन्यवाद म्हणायची पद्धत आहे आमच्याकडे.

संत्रा_बर्फी

हे घ्या, आली मुंबई! 42 रणजी घरात असून जाफरचा हिशोब अजून चालूच आहे यांचा. ज्याले तुम्ही सोडून दिलं त्याले आम्ही घेतलं. मंग तो कोणाचा? नायर परत कर्नाटकात गेला हे मान्य. वाईट वाटलं. इथं कोणाले सांगितलं नव्हतं.

दादरची_सून

बरं, आता माझं ऐका, कारण तीन दिवस मी गप्प आहे.

आळशी, सोमवारचा तुमचा हिशेब मी परत उघडून वाचला. कबड्डीवर चौदा ओळी. आणि सगळ्यात शेवटी, "इतर: महिला वर्ल्ड कप जिंकल्या, छान." इतर! छान!! गुरुवारी डी. वाय. पाटीलला वांद्र्याची जेमिमा 127 नाबाद राहून ऑस्ट्रेलियाचे 338 पार करून देते, वुमेन्स वनडेतला सगळ्यात मोठा चेस, आणि रविवारी त्याच मैदानावर आपण दक्षिण आफ्रिकेला 52 रनने हरवतो, ते तुमच्या हिशेबात 'इतर'?

मी होते तिथे, नेरुळला. पावसाने दोन तास गेले, छत्री आत नेऊ देत नव्हते, सासरे 71 वर्षांचे, गुडघा सुजलेला. "बाबा, निघू या का?" म्हटलं तर म्हणाले, "अमोलचा कप बघितल्याशिवाय नाही." अमोल म्हणजे मुजुमदार. सासऱ्यांनी त्याला शिवाजी पार्कला पोरसवदा असल्यापासून बघितलंय. अकरा हजारांवर फर्स्ट क्लास रन काढून भारताकडून एक मॅच नाही मिळाली त्या माणसाला. मध्यरात्र उलटून गेल्यावर हरमनप्रीतने तो शेवटचा कॅच घेतला आणि आमचे बाबा, ज्यांना मी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं, ते शेजारच्या अनोळखी पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

तर स्थानिक संघ कुठला, ते तुम्ही पुरुष ठरवत बसा.

कट्टर_थाला

ताई, पण इंडिया टीम ही लोकल टीम नाही. धाग्याचा विषय वेगळा आहे.

दादरची_सून

धाग्याचा विषय गेले वीस प्रतिसाद स्मिथचे 50 बॉल हा होता. तेव्हा नाही आठवला विषय?

सांगलीकर_मी

स्मृती सांगलीची आहे. मुंबईवाल्यांनी सगळा कप एकट्याने घेऊ नये एवढीच नम्र विनंती. आम्ही रविवारी रात्री गावातून दोन फेऱ्या मारल्या गाडीने.

आळशी_सदाशिव

दादरच्या ताई, 'इतर' हा शब्द चुकला. मान्य. स्वच्छ मान्य. माझं म्हणणं एवढंच होतं की रविवारी अख्खा देश नाचत होता, त्यात माझा वेगळा वाटा काय लिहायचा. शुक्रवारी मात्र बिल्डिंगमध्ये हळहळणारा मी एकटाच होतो. ते लिहायला दुसरं कोण आहे? पण ठीक आहे, पुढच्या वेळी चौदा ओळी तुमच्या.

दादरची_सून

चौदा नकोत. पंधरा. आणि 'छान' काढून टाका.

उपाशी_बोका

स्मिथबद्दल शेवटचं एक सांगतो...

बालेवाडीकर

नको.

रंकाळा_काठ

आळशीराव, एक मान्य करतो, पण परत परत विचारू नका. 2016 ला बदलीवर पुण्यात होतो. एफसी पुणे सिटीची मॅच बघायला बालेवाडीला गेलो होतो, कंपनीतल्या एकानं पास दिला म्हणून. गोल झाला आणि मी उभा राहिलो. का राहिलो माहीत नाही. गल्लीतल्या कुणाला सांगितलेलं नाही अजून.

तरीसुद्धा तुमचा संघ खरा नाही यावर मी ठाम आहे.

आळशी_सदाशिव

उभा राहिलास!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रंकाळा_काठ

ठेवा. आता हंगाम सुरू झाला की एकदा शाहू स्टेडियमला या. तिकिटाचं मी बघतो. फक्त शर्ट कुठल्या रंगाचा घालायचा ते आधी मला फोन करून विचारा. आणि ते केशरी तर अजिबात आणू नका.

संत्रा_बर्फी

अन् जेवण? तिकिटाचं बोलले, मटणाचं कोणी बोलून नाही राहिलं.