लंडन ते पॅरिस: विमानाचा सव्वा तास आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ – आपले अनुभव लिहावेत

मोगरा
भाचीला लंडनमध्ये प्रवेश मिळाला आहे. "तिथून पॅरिस किती लांब गं, मावशी?" असे तिने काल फोनवर विचारले आणि आमचे तिथले दिवस आठवले. सरळ रेषेत अंतर जेमतेम ३४५ किलोमीटर आहे आणि तिकिटावर सव्वा तास दिसतो. त्यातही विमान हवेत असते पाऊण तासाच्या आसपास. धाकट्याने इंग्लिश खाडी पाहण्यासाठी हट्टाने खिडकी घेतली होती, पण त्याचा ज्यूस संपतो न संपतो तोच पट्टे बांधण्याची सूचना झाली. आम्ही मात्र घरातून पहाटे निघून हॉटेलात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती, कारण हीथ्रोवर दोन तास आधी पोहोचणे, सुरक्षा तपासणी, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरची पासपोर्टची रांग आणि तिथून शहरापर्यंतचे पंचवीसएक किलोमीटर हे सारे त्या सव्वा तासाच्या बाहेरचे असते. आपण कसे गेलात?

निवांत
मोगराताई, घड्याळाचे सांगायचे राहिले. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे असल्यामुळे नऊला सुटलेले विमान तिकिटावर सव्वाअकराच्या सुमारास पोहोचते आणि परतीचे नऊचे विमान सव्वानऊला. माझ्या सासऱ्यांनी चष्मा पुसून पुसून ते तिकीट वाचले आणि छपाईत चूक आहे का, असे विचारले.

सह्यकडा
आम्ही रेल्वेनेच जातो आणि तेच सुचवेन. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाहून पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. लोहमार्ग सुमारे ४९० किलोमीटरचा, म्हणजे हवाई अंतरापेक्षा बराच लांब आहे. तरीही गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावते आणि शहराच्या मध्यात नेऊन सोडते, त्यामुळे एकूण वेळ वाचतो. इंग्लिश खाडीखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यात वेग १६० पर्यंत उतरतो, तरी वीसेक मिनिटांत आपण पलीकडे असतो. १९९४ साली गाडी सुरू झाली तेव्हा तीन तास लागत. इंग्लंडच्या बाजूचा जलद मार्ग २००७ मध्ये पूर्ण झाल्यावर वेळ इतका खाली आला. फ्रान्सचे अधिकारी लंडनच्या स्थानकातच पासपोर्ट तपासतात, म्हणून उतरल्यावर पुन्हा रांग नाही.

मोगरा
फार उपयोगी माहिती दिलीत. व्हिसाचे काय करावे लागेल?

निवांत
भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा तिकडे चालत नाही, फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. तिला आधी त्याची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा, तिकीट नंतर.

जुनी वही
या मार्गाचा इतिहास मला फार प्रिय आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हौन्स्लो हीथहून पॅरिसच्या ल बुर्जेकडे रोजची नियमित विमानसेवा सुरू झाली; पहिल्या विमानात एकच प्रवासी होता आणि अडीच तास लागले होते. त्याआधी रेल्वे आणि बोट एवढाच मार्ग असे. १९१० च्या मार्चमध्ये सावरकर पॅरिसहून लंडनला परतले, ते व्हिक्टोरिया स्थानकावर उतरताच त्यांना अटक झाली.

पाऊसपाणी
ताई, विद्यार्थिनीच्या खिशाचाही विचार व्हावा. माझी मुलगी रात्रीच्या बसने गेली होती. आठ-नऊ तास लागतात, शिवाय सीमेवरच्या तपासणीसाठी झोपेतून उठून खाली उतरावे लागते. पण तिकीट पुष्कळ स्वस्त मिळते आणि एका रात्रीचे हॉटेलही वाचते. थंडीत जाणार असेल तर शाल हाताशी ठेवायला सांगा, बॅगेत टाकली की ती बसच्या पोटात जाते.