सुगी झाली की लगेच माल विकावा लागतो, मुंबईतून आपण काय करू शकतो?

भांडुपचा_बार्शीकर
नमस्कार मंडळी, आमचं गाव बार्शी तालुक्यात, इकडे भांडुप-विक्रोळीला आमचं ग्रामस्थ मंडळ आहे, वर्गणी जमते. यंदा पोरांचं म्हणणं पडलं की गावातल्या दोन-तीन एकरवाल्यांसाठी काहीतरी करूया. अडचण सगळ्यांना माहीतच आहे, सोयाबीनची मळणी झाली की दिवाळी तोंडावर, मजुरी द्यायची, दुकानदाराची खताची उधारी फेडायची, रब्बीचं बियाणं घ्यायचं, मग सगळेच एकदम बाजारात जातात आणि भाव पडतो. आमचे चुलते पण तसंच विकतात. काहीजण म्हणतायत मंडळाने गावात गोदाम बांधावं. उपयोग होईल का? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

वाशी_दाणामार्केट
दादा, गोदामाच्या मागे लागू नका. शेतकरी जागा नाही म्हणून विकत नाही, हातात पैसा नाही म्हणून विकतो. वखार महामंडळाची गोदामं आहेत, पावती मिळते, गोदाम नोंदणीकृत असेल तर इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि ती बँकेत तारण ठेवता येते. त्याहून सोपं म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, 1990-91 पासून चालू आहे पण अर्ध्या गावाला पत्ताच नसतो. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायचा, किमतीच्या 75 टक्के कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. धरा 20 क्विंटल सोयाबीन आणि भाव क्विंटलला 4,000, म्हणजे 80,000 चा माल, 60,000 हातात, सहा महिन्यांचं व्याज 1,800. क्विंटलला 90 रुपये पडले. वर टेम्पो, हमाली आणि वजनात येणारी घट धरा, तेवढा भाव वाढला तरच थांबण्यात अर्थ. सगळ्या समित्या ही योजना राबवत नाहीत, त्यामुळे आधी तुमच्या समितीत जाऊन विचारा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद पाहिजे, ई-पीक पाहणी (मोबाईल अ‍ॅपवरून पिकाची नोंद) केलेली नसेल तर तिथेच गाडी अडते. हे काम मुंबईतली पोरं गावी गेली की प्रत्येकाच्या मोबाईलवर करून देऊ शकतात, एक रुपया खर्च नाही.

आणि एकट्याचा सात-आठ क्विंटल माल न्यायला टेम्पो परवडत नाही म्हणून माणूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो. मंडळाने टेम्पोचं भाडं उचललं आणि पाच-सहा घरांचा माल एकत्र नेला तरी मोठं काम होईल.

माणची_ताई
गोदामात ठेवा नाहीतर घरी, आधी वाळवणं बघा. सोयाबीनचं मॉइश्चर (ओलावा) 12 टक्क्यांच्या वर असेल तर हमीभाव केंद्रावर माल परत पाठवतात आणि व्यापारी कडता लावतो (वजनात कपात करतो), दोन्हीकडून मरण शेतकऱ्याचंच. गावात एक मॉइश्चर मीटर असला की काट्यावर भांडता तरी येतं. घरच्या तुरीला भुंगा लागतो तो बऱ्याचदा शेतातूनच येतो आणि जुन्या बारदान्यातूनही, म्हणून पोती उन्हात कडक तापवून घ्या, थप्पी लाकडी फळ्यांवर लावा आणि भिंतीला टेकवू नका. आतून प्लास्टिक असलेल्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यात धान्य नीट वाळवून भरलं आणि तोंड घट्ट बांधलं तर कीड आत गुदमरून मरते. कृपा करून राहत्या घरात धान्यात सेल्फॉसच्या (कीड मारणाऱ्या विषारी गॅसच्या) गोळ्या टाकू देऊ नका कोणाला. त्या गॅसने झोपेत माणसं गेलीयेत. हे गावात प्रत्येक घरी जाऊन सांगा.

लातूर_टू_ठाणे
थांबलं की भाव मिळतोच असं समजू नका. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं, ते बघून पुढच्या वर्षी कितीतरी जणांनी माल धरून ठेवला आणि भाव उतरतच गेला. आमच्याकडे मी सगळ्यांना हेच सांगतो, उधारी आणि बियाण्यापुरतं लगेच विका, राहिलेलं तारणाला लावा. हमीभाव 2025-26 ला क्विंटलला 5,328 होता, हमीभाव केंद्राची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली की पहिल्या दिवसात करा.

अजून एक महत्त्वाचं, मंडळाने व्याज लावून पैसे वाटू नका. 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना लागतो. गावात महिला बचत गट असेल तर त्यांच्याशी बोला, त्यांचा हिशोब चोख असतो आणि कोणाला खरंच गरज आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं.

भांडुपचा_बार्शीकर
खूप आभार सगळ्यांचे. गोदाम रद्द, रविवारच्या मीटिंगला मॉइश्चर मीटर आणि टेम्पोचं भाडं हे दोन विषय ठेवतो, आणि बचत गटाच्या अध्यक्षा माझ्या चुलतीच आहेत त्यांना आजच फोन करतो. एकच विचारायचंय, चुलत्यांचा सातबारा सामाईक आहे, तिघा भावांच्या नावावर, तर तारणाला तिघांनाही समितीत जावं लागतं का? एक भाऊ सुरतला असतो. कोणी असं काम करून घेतलं असेल तर लिहा.