अनुभव धागा : सौम्य दिवस, गारठलेल्या रात्री

वसंतात कधीकधी आठवडाभर एकच अंदाज येत राहतो : आकाश निरभ्र, वारा मंद, दिवस सौम्य, रात्री थंड. वाचायला तो निरुपद्रवी वाटतो. अशा स्थिर हवेत अंदाज वाचताना आपली कोणती गफलत झाली आणि ती कशी लक्षात आली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

*

किमान तापमान ३ अंश असल्याचे वाचून मी टोमॅटोची नुकतीच लावलेली रोपे रात्रभर उघडी ठेवली. सकाळी गवतावरून चालताना पायांखाली कुरकुर आवाज आला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पानांच्या कडांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता आणि दुपारपर्यंत तीच पाने उकडल्यासारखी काळपट, लुळी पडली. अंदाजातले तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या हवेचे असते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि तिच्यालगतची हवा त्याहून काही अंश थंड होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आता किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली दिसले, की जमिनीत ऊब शिल्लक असतानाच, म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वी, मी रोपांवर जुनी चादर जमिनीला टेकेल अशी घालतो. पहिल्यांदा ती पानांना चिकटली होती आणि जिथे चिकटली नेमकी तिथलीच पाने गेली, म्हणून हल्ली आधी काठ्या रोवतो.

*

यात उताराचा मुद्दा जोडते. आमच्या सफरचंदांपैकी उतारावरच्या झाडांचा मोहोर सुखरूप राहिला. तळाशी, दगडी कुंपणाला लागून असलेल्या झाडांचा मात्र गेला. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि अडथळा आला की तिथेच तुंबते. पूर्ण उमललेल्या फुलाला उणे २ अंशांच्या आसपास इजा होऊ लागते, पण ती वरून दिसत नाही. पाकळ्या टवटवीत होत्या, नखाने फूल उघडले तेव्हा मधला भाग काळा पडलेला आढळला. पुढच्या वर्षी आम्ही कुंपणाला खालच्या अंगाने वाट करून दिली.

*

पहाटे सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी एवढेच : सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या सुमारास असते. मी हातमोजे न घालता निघालो होतो.

*

मला दम्याचा त्रास आहे आणि अशा हवेत माझी संध्याकाळ सकाळपेक्षा अवघड जाते. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण अशी स्थिती झाली, की धूर वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो. म्हणून मी खिडक्या दुपारी उघडते आणि दिवेलागणीपूर्वी लावून घेते.

*

तक्रारींच्या या रांगेत माझी थोडी वेगळी बाजू. दुर्बिणीतून आकाश पाहण्यासाठी मी याच अंदाजाची वाट पाहत असतो, जरी भिंग आकाशाकडे उघडे राहिल्याने हवेपेक्षा थंड होते आणि त्यावर दव धरते. गेल्या खेपेस रात्री दोनच्या सुमारास ढगांचा पडदा आला आणि निरीक्षण आटोपले; अंगणातला तापमापक मात्र तासाभरात दोन अंशांनी वर चढला होता.