पॅरिसमध्ये 114 मांडणं चुकलं का?

बारबेल_20
वेटलिफ्टर मीराबाई चानूच्या कारकिर्दीवर बोलताना लोक टोकियो ऑलिंपिकचं रौप्य आणि पॅरिस ऑलिंपिकचं चौथं स्थान सांगून थांबतात. मला पॅरिसच्या एकाच निर्णयाबद्दल बोलायचंय. ऑगस्ट 2024, 49 किलो गट. स्नॅच (बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर) 88 किलो. क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर; थोडक्यात जर्क) तीन प्रयत्नांपैकी 111 पहिल्यांदा हुकलं, दुसऱ्यांदा बसलं. दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज 199. कांस्य घेणाऱ्या थायलंडच्या सुरोदचना खांबाओची 200. शेवटच्या प्रयत्नाला 114 मांडलं, ते गेलं नाही.

112 ने बरोबरी झाली असती, पण बरोबरीत जिची बेरीज आधी पूर्ण होते ती वर राहते. म्हणजे 113 ला 201 आणि कांस्य. महिलांचा बार 15 किलोचा, प्लेटा जागेवर धरणाऱ्या दोन कॉलर मिळून 5. 113 साठी प्रत्येक बाजूला 25, 20 आणि दीडची पिवळी प्लेट. 114 साठी दीडच्या जागी दोनची निळी. एका बाजूला अर्धा किलो, तेवढ्यावर पदक होतं. मला हा निर्णय पटत नाही.

मनगटपट्टी
साफ असहमत. हे आकडे तुम्ही निकाल लागल्यावर जुळवताय. समोरच्याकडे प्रयत्न शिल्लक असेल तर तोही शेवटच्या हाकेपर्यंत दोनदा वजन बदलू शकतो. एका किलोची आघाडी घेऊन बसणं म्हणजे त्याला आपला आकडा आयता सांगणं.

आणि 111 नंतर 114 ही 3 किलोची उडी म्हणजे तिची नेहमीची पायरी. 2025 च्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेतल्या फर्डेला जर्कचे 109, 112, 115 असे तिन्ही प्रयत्न यशस्वी झाले. तिथे स्नॅच फक्त 84 होता. तिथल्या थाई खेळाडूची (खांबाओ नव्हे, दुसरी) बेरीज 198, मीराबाईची 199. तिथे 115 ऐवजी 'सुरक्षित' 113 घेतलं असतं तर रौप्य गेलं असतं.

बारबेल_20
फर्डेत पहिली दोन वजनं बसली होती. पॅरिसमध्ये पहिलं 111 हुकलं होतं, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाआधी पायातली एक जड लिफ्ट फुकट गेलेली. हुकलेलं क्लीन अँड जर्क यशस्वी लिफ्टइतकंच थकवतं, कधी जास्तच. क्लीन करून खालून उठतानाच मांड्या संपतात आणि जर्कच्या झोक्याला जोर उरत नाही.

खांदा_आधी
तुम्ही दोघं शेवटच्या बारवर भांडताय, मूळ दुखणं स्नॅच आहे. टोकियोत सुवर्ण घेणाऱ्या चीनच्या होउ झिहुईपेक्षा मीराबाई 8 किलोंनी मागे राहिली. 94 विरुद्ध 87, त्यातले 7 स्नॅचमध्येच गेले. एप्रिल 2021, ताश्कंदची आशियाई स्पर्धा: मीराबाईचा जर्कमध्ये 119 चा विश्वविक्रम, होउचे 117. तरीही बेरजेत 205 विरुद्ध 213, कारण स्नॅच 86 विरुद्ध 96! ऑलिंपिकमध्ये पदक फक्त बेरजेला, एकट्या जर्कला काही मिळत नाही.

साधारणपणे स्नॅच जर्कच्या 80 टक्क्यांच्या आसपास असतो. ताश्कंदला तिचा 72 होता. पाठ आणि उजव्या खांद्याचं दुखणं होतं, म्हणूनच 2020 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला फिजिओथेरपिस्ट एरन हॉर्शिगकडे गेली. स्नॅचची पकड रुंद असते. खांदा डगमगला तर खाली बसताना बार डोक्यामागे जातो किंवा पुढे पडतो, आणि पाय कितीही दणकट असले तरी सावरता येत नाही.

मनगटपट्टी
खांद्याचं मान्य. पण पॅरिसचा 88 हा जर्कच्या 79 टक्के आहे, म्हणजे तिथे स्नॅच सुधारलाच होता. तिथे कमी पडला तो जर्क.

सांगलीवाला
अशीच बेरीज आपल्या सांगलीच्या संकेत सरगरच्या वाट्याला आली. बर्मिंगहॅमची 2022 ची राष्ट्रकुल स्पर्धा, 55 किलो. स्नॅच 113, पहिला जर्क 135, बेरीज 248. मग थेट 139 मांडलं, तिथे कोपर गेलं. तिसऱ्यांदाही तोच आकडा, पुन्हा नाही. मलेशियाच्या अनिकने शेवटी 142 उचलून 249 केले. सुवर्ण एका किलोने गेलं. मधे 137 बसलं असतं तर 250 झाले असते. बारबेल यांच्याशी मी सहमत आहे: पुढचं वजन मागच्या लिफ्टचा दर्जा बघून ठरवावं, कागदावरच्या पायरीवरून नाही.

मनगटपट्टी
संकेतचं उदाहरण इथे लागू नाही. दुसऱ्या प्रयत्नाला त्याच्याकडे आणखी एक प्रयत्न होता, आणि कोपर जाणं ही दुखापत, चुकलेली बेरीज नव्हे. शिवाय 137 उचललं असतं तर अनिकने 142 वरच थांबायचं कुठे लिहिलं होतं?

खांदा_आधी
मीराबाईचं रिओ ऑलिंपिक 2016 विसरू नका. स्नॅच 82, जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकले, बेरीजच नाही. पुढच्याच वर्षी अनाहाइमच्या जागतिक स्पर्धेत 85 आणि 109, बेरीज 194, विश्वविजेती. त्यामुळे पॅरिसबद्दल माझा आक्षेप पहिल्या 111 वर आहे. 109 ने सुरुवात केली असती, तर तिसऱ्या प्रयत्नाला मांड्यांमध्ये दम राहिला असता, मग 113 घ्या की 114.

बारबेल_20
109 ची सुरुवात मलाही पटते. पण मग दुसरं वजन 112 आलं असतं आणि ते बसल्यावर तिसऱ्याला 113 की 115, हा वाद तिथेच परत उभा राहिला असता. माझं उत्तर तेव्हाही 113.